परड्यात पाखरं यावीत म्हणून: कोल्हापुरातल्या घरबागेसाठी पहिली पावलं

पक्ष्यांसाठी काहीतरी करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी धान्याची पिशवी आणतात. गच्चीवर तांदूळ पडतात, आठवड्याभरात पारव्यांचा थवा जमतो, सगळीकडं विष्ठा होते, शेजारचे बोलायला लागतात आणि हौस तिथंच संपते. म्हणून सुरुवातीलाच सांगणं बरं: दाणे सगळ्यात शेवटी. आधी पाणी, मग झाडं, मग लपायला जागा. आणि या सगळ्याच्या बरोबरीनं औषधाचा पंप माळ्यावर टाकायचा.

कारण साधं आहे. आपल्या अंगणात येऊ शकणारे बहुतेक पक्षी दाणे खातच नाहीत. दयाळ, शिंपी, नाचण, कोतवाल, वेडा राघू हे किडे खाणारे. शिंजीर फुलातला मध पितो. बुलबुल, तांबट, कोकीळ फळांवर असतात. इतकंच काय, दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या आणि किडेच भरवते. त्यामुळं जिथं अळी नाही, तिथं बाजरीचं पोतं उघडं ठेवलं तरी चिमणीचं घर वाढत नाही.

आपल्या गावाची जागाही या छंदाला फार अनुकूल आहे. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरीकडं सह्याद्रीचं ओलं जंगल. पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडं मोकळी शेतं आणि माळ. कोल्हापूर या दोहोंच्या मध्ये बसलंय. त्यामुळं शिपाई बुलबुलासारखा झाडीचा पक्षी आणि शेताच्या बांधावरची मुनिया एकाच गल्लीत दिसू शकतात. भोवतीनं ऊस, मध्ये पंचगंगा, रंकाळा, कळंबा. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात तर मोर फिरतात. तुमच्या घरामागचं परडं, समोरचं अंगण किंवा नुसती गॅलरी, यातली कुठलीही जागा या मोठ्या पसाऱ्यातला एक थांबा होऊ शकते.

आधी आठवडाभर नुसतं बसा

काहीही विकत आणायच्या आधी हे करा. सूर्य उगवल्यापासून तास-दीड तास पक्ष्यांची सगळ्यात जास्त लगबग असते. त्या वेळात चहा घेऊन एकाच जागी वीस मिनिटं बसायचं. मोबाईल घरात. पांढराधोप किंवा भडक कपडा नको, एवढंच पथ्य. पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही, कारण तुम्ही आलात म्हणून सगळे गप्प झालेले असतात. मग हळूहळू जाग येते.

बघायचं काय? कोण येतं हे महत्त्वाचं आहेच, पण कुठून येतं, कुठं टेकतं, कुठल्या फांदीवरून निघून जातं, हे जास्त महत्त्वाचं. शेजारच्या आंब्यावरून तुमच्या तारेवर, तारेवरून कढीपत्त्यावर, असा पक्ष्यांचा रस्ता ठरलेला असतो. पाणी आणि झाडं या रस्त्यावर ठेवली तर पक्षी लवकर येतात. मांजर कुठल्या भिंतीवरून येतं तेही याच आठवड्यात कळतं, आणि तेही टिपून ठेवायचं.

पाणी

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. फेब्रुवारी संपता संपता कोल्हापुरात ऊन तापायला लागतं, आणि मार्चपासून पहिल्या वळवाच्या सरीपर्यंत पाण्याच्या एका परळावर जितके पक्षी दिसतात तितके दुसऱ्या कशावर दिसत नाहीत. दाणे न खाणारेही पाण्यावर येतात.

भांडं मातीचं घ्या. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला पसरट परळ मिळतात. कुंडीखाली ठेवायची मोठी बशीही चालते. स्टील आणि प्लास्टिक नको: स्टील उन्हात चटका देतं, प्लास्टिकवर पाय घसरतो. भांडं उथळ असलं पाहिजे. काठाला पाणी दोन-तीन सेंटीमीटर, मध्ये फार तर पाच. चिमणीएवढ्या जिवाला त्याहून खोल पाणी म्हणजे विहीर. खोल भांडंच असेल तर मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, पाण्याच्या वर डोकं काढणारा. पक्षी आधी दगडावर उतरतो, पाण्याचा अंदाज घेतो आणि मग आत पाय घालतो.

जागा सावलीची, पण दाट झुडपाला चिकटून नको. झुडूप आणि परळ यात सहा-सात फूट मोकळं अंतर ठेवा, म्हणजे दबा धरून बसलेल्या मांजराला झेप घेता येत नाही. त्याच वेळी वर किंवा बाजूला एखादी फांदी असू द्या. ओलं झालेलं पाखरू नीट उडू शकत नाही. त्याला पंख झटकून सुकवायला जवळच, उंचावर जागा लागते. जमलं तर दोन परळ ठेवा, एक कठड्यावर आणि एक जमिनीवर. साळुंकी, सातभाई, होला जमिनीवरचं पसंत करतात. शिंजीर आणि चष्मेवाला वरच.

आता डासांबद्दल, कारण घरातली मोठी माणसं पहिला आक्षेप हाच घेतात आणि तो खरा आहे. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, आणि अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटलेली असतात. म्हणून नुसतं पाणी ओतून पुन्हा भरणं पुरत नाही. रोज पाणी बदला आणि दोन-तीन दिवसांतून एकदा नारळाच्या किशीनं परळ आतून घासून काढा. साबण नको. एवढं केलं तर डास होत नाहीत आणि पाण्यातून पक्ष्यांना होणारे आजारही टळतात.

बुलबुलाची अंघोळ एकदा जवळून बघा. तो आधी तारेवर बसून चारी बाजूंना बघतो. मग दगडावर. तिथून पाण्यात चोच बुडवून मान झटकतो आणि पुन्हा थांबतो. एकदा खात्री पटली की छाती पाण्याला लावतो आणि पंख थरथरवत पाणी पाठीवर घेतो, शेपटीखालचा लाल ठिपका त्या सगळ्या शिंतोड्यांत स्पष्ट दिसतो. पाच-सात सेकंदांत फांदीवर. तिथं एकेक पीस चोचीतून ओढून सरळ करायचं काम मात्र बराच वेळ चालतं, आणि पक्षी निरखायला नवख्या माणसाला याहून चांगली संधी नाही, कारण तेवढा वेळ तो हलत नाही.

झाडं: काय लावायचं आणि का

रोपं घेताना सगळे रंगीत पानांच्या शोभेच्या झाडांकडं वळतात. ती दिसतात छान, पण त्यांच्यावर अळी नाही, फळ नाही, मध नाही. पक्ष्याच्या दृष्टीनं ती भिंतच. देशी झाडांची रोपं वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत मिळतात, तिथं एकदा चक्कर मारा. पावसाळ्याच्या तोंडावर गेलात तर निवड भरपूर असते.

आधी छोट्या जागेचा विचार करू, कारण शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत गच्ची आणि गॅलरीच असते. कुंडीत चालणारी आणि पाखरं आणणारी माझ्या पसंतीची चार: जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, कर्दळ.

जास्वंदीवर शिंजीर येतो, त्यालाच बरेच जण फुलचुकी म्हणतात. निरखून बघा, तो बऱ्याचदा फुलाच्या तोंडातून मध घेतच नाही. देठाकडच्या बाजूला टेकतो आणि पाकळ्यांच्या बुडाशी बाकदार चोचीनं भोक पाडून मध ओढतो. सकाळी उमललेली फुलं उलटी करून बघितली तर ही बारीक भोकं सापडतात. गावठी लाल एकेरी जास्वंद लावा. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या जातींत त्याला मधापर्यंत पोचणं अवघड जातं. कढीपत्त्याला फळं धरली की बुलबुल आणि कोकीळ हजर, त्यामुळं तुरे खुडून टाकू नका. कर्दळीचं फूलही शिंजिराचं आवडतं.

लिंबाचं कारण वेगळं. त्यावर फुलपाखरांच्या अळ्या होतात आणि शिंपी त्या वेचायला येतो. पानं कुरतडलेली दिसली की हात औषधाकडं जातो. जाऊ देऊ नका. आणि नशीब असेल तर शिंपी तिथंच घरटं करतो. मादी एखादं रुंद पान किंवा जवळजवळची दोन-तीन पानं निवडते, कडेला चोचीनं बारीक भोकं पाडते आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा धागा, कापूस किंवा झाडाचा तंतू ओवून कडा जवळ ओढते. गाठ मारत नाही; भोकातून बाहेर आलेलं धाग्याचं टोक फुलून जाड होतं आणि तिथंच अडकतं. पान देठाला जोडलेलंच राहतं, म्हणून हिरवं राहतं, आणि शेजारी उभं राहूनही ते घरटं आहे हे कळत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर लिंबाची, जास्वंदीची छाटणी करायची झाली तर आधी पानापानांत बघा. खरं तर त्या महिन्यांत कात्री लावूच नये. छाटणी दिवाळीनंतर.

परडं असेल तर शेवगा लावा. फुलांवर शिंजीर, फांद्यांवर अळ्या वेचणारे पक्षी, आणि एखादी फांदी वाळली की तिचं लाकूड इतकं मऊ की तांबट त्यात ढोली कोरतो. तुती, पेरू, केळ यांनी घरचीही सोय होते आणि पाखरांचीही. केळफूल लोंबायला लागलं की त्याच्या पाकळ्यांखाली शिंजीर उलटा लटकलेला दिसतो. कुंपणाला करवंद किंवा मेंदी. करवंदाच्या काट्यांत मांजर शिरत नाही, म्हणून लहान पक्षी तिथं निवांत बसतात.

जागा मोठी असेल, पाचगाव, कळंबा, फुलेवाडीच्या बाजूला प्लॉट असेल, तर घरापासून लांब एक उंबर आणि एक पांगारा. उंबराची मुळं पायाजवळ नकोत, हे ध्यानात ठेवून जागा ठरवा. उंबर पिकला की तांबट, बुलबुल, कोकीळ, राखी धनेश, आणि आपला राज्यपक्षी हरियाल, सगळ्यांची पंगत बसते. पांगारा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून लालभडक फुलतो. तेव्हा भोरड्यांचा थवा त्यावर उतरला तर कान किटतील एवढा कलकलाट, आणि तो ऐकायलाच पाहिजे असा.

आंब्यावर बांडगूळ असेल तर सगळं काढू नका. आंब्याचं नुकसान होतं हे बरोबर आहे, तेव्हा वाढ आवरा, पण एखादा झुपका राहू द्या. फुलटोच्या हा अंगठ्याएवढा पक्षी मुख्यतः बांडगुळाच्या फळांवर जगतो.

पसारा थोडा राहू द्या

झाडलोट करून चकचकीत केलेल्या अंगणात पक्ष्याला काम नसतं. एका कोपऱ्यात पाचोळा साठू द्या. सातभाई टोळीनं येऊन तो उलटापालटा करतात, दयाळ मागोमाग येतो. वाळलेली फांदी कोणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर तोडू नका: कोतवाल आणि वेडा राघू अशाच उघड्या फांदीवरून माशा, चतुर पकडतात आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतात. कोळ्याची जाळी बागेत तरी राहू द्या. शिंजीर, शिंपी, नाचण, सगळ्यांच्या घरट्याचा धागा तोच आहे. चिमण्यांना धूळस्नान लागतं. एका पसरट कुंडीत चाळलेली कोरडी माती भरून उन्हात ठेवली की झालं.

किडे मारायचं औषध बंद, हे वर आलंच. मावा फार झाला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा. त्यानं मावा गळून पडतो. उंदरांसाठी विषाच्या वड्या अजिबात नकोत. विष खाल्लेला उंदीर मरायच्या आधी सुस्त होतो, आणि तो पिंगळा किंवा गव्हाणी घुबड उचलतं. तुमचे उंदीर कमी करणारा पक्षीच त्यात मरतो. सापळा लावा.

घरटं-पेट्या

जुन्या कौलारू घरांना वळचण होती, भिंतीत कोनाडे होते, फोटोफ्रेमच्या मागं जागा होती. स्लॅबच्या घरात चिमणीला शिरायला फटच राहिलेली नाही. इथं लाकडी पेटी उपयोगी पडते, मात्र माप चुकलं तर ती नुसती शोभा.

चिमणीसाठी भोक ३२ ते ३५ मिलिमीटर. त्याहून मोठं केलं तर साळुंकी जागा बळकावते. भोकापासून तळ साधारण १५ सेंटीमीटर खाली हवा, म्हणजे मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पिल्लांपर्यंत पोचत नाही. भोकाखाली बसायला दांडी ठोकू नका. चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याची मात्र सोय होते. तळाला दोन-तीन बारीक भोकं, पाणी निचरायला. आतून रंग नको, वॉर्निश नको. एक बाजू उघडता येईल अशी ठेवा.

कोल्हापुरात पेटी कुठल्या दिशेला लावायची याला फार महत्त्व आहे. आपला पाऊस पश्चिमेकडून, नैऋत्येकडून झोडपत येतो आणि दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. म्हणून भोकाचं तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला, आणि पेटी छज्जाखाली, आठ-दहा फुटांवर. चिमण्या शेजार करून राहतात, तेव्हा दोन-तीन पेट्या एकाच भिंतीला लावल्या तरी चालतं. पंख्याच्या जवळ किंवा विजेच्या मीटरवर नको.

दयाळलाही पेटी चालते. त्याला भोक सुमारे दोन इंचांचं आणि पेटी जरा मोठी. पेटी वर्षभर रिकामी राहिली तरी काढू नका. पिल्लं उडून गेल्यावर जुना काडीकचरा काढून टाका, आत उवा-पिसवा साठतात.

बुलबुल पेटीत जात नाही. तो लटकत्या कुंडीत, वेलीत, कधी बंद पडलेल्या ट्यूबलाईटच्या पट्टीवर वाटी करतो. शिंजिराची मादी वायरच्या किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकालाही पिशवीसारखं घरटं लोंबवते. असं झालं की तेवढे तीन-चार आठवडे ती दोरी त्यांची. फांदी वाकवून फोटो काढू नका, पिल्लं मोजायला डोकावू नका. तुमच्या येण्याजाण्यावर कावळ्याची नजर असते आणि तुम्हीच त्याला पत्ता दाखवता. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यपक्ष्यांची अंडी आणि घरटी काढणं, मोडणं हाही गुन्हाच आहे, आणि देशी पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात ठेवणं हाही. पोपट बघायचा असेल तर पेरू पिकू द्या.

आता दाणे

घालायचेच असतील तर थोडे घाला. बाजरी, राळे, तांदळाच्या कण्या, भरडलेला जोंधळा, दिवसाला एक मूठ, सकाळी, आणि संध्याकाळपर्यंत उरलेलं झाडून घ्यायचं. रात्री राहिलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागं साप.

याहून चांगला मार्ग म्हणजे भाताच्या लोंब्यांची किंवा नाचणीच्या कणसांची जुडी दारात टांगणं. सुगी झाल्यावर राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक पेंढी आणा. लोंबीला लटकून दाणा सोलणं चिमणीला आणि मुनियाला जमतं, वजनदार पारव्याला जमत नाही. पारवे वाढू न देणं गरजेचं आहे, कारण त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीनं माणसाला फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. दम्याचा रुग्ण घरात असेल तर दाणे ठेवूच नका. पाणी आणि झाडं पुरे आहेत.

फळ खाणाऱ्यांसाठी जास्त पिकलेली पपई, केळं, चिकूची फोड फांदीला टोचून ठेवा. शेव, फरसाण, पाव, बिस्किट, मीठ घातलेला भात नको. प्रेमानं दिलेलं असलं तरी मीठ आणि तेल लहान पक्ष्याला सोसत नाही. पावसाळ्यात, झड लागलेली असताना, दाणे बंद ठेवा: दोन दिवसांत बुरशी येते, आणि त्या दिवसांत बाहेर किडे भरपूर असतात.

तीन धोके

पहिला मांजर. घरचं मांजर सकाळी आणि तिन्हीसांजेला आत ठेवा, विशेषतः एप्रिल ते ऑगस्ट, जेव्हा उडायला शिकणारी पिल्लं जमिनीवर असतात.

दुसरा काच. मोठ्या खिडकीत आभाळाचं आणि झाडाचं प्रतिबिंब पडतं आणि पक्षी सरळ त्यात घुसतो. काचेच्या बाहेरच्या बाजूला दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या चिकटवा. एकच मोठं स्टिकर लावून भागत नाही. गाडीच्या आरशाशी भांडणारी साळुंकी किंवा बुलबुल हा त्यातलाच प्रकार, प्रतिबिंबाला तो आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर समजतो. आरशावर कापडी पिशवी चढवा.

तिसरा नायलॉनचा मांजा. तो घरात आणू नका, आणि झाडावर अडकलेला दिसला की काढून, बारीक तुकडे करून टाका.

जखमी पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. काचेला धडकलेला पक्षी बऱ्याचदा तासाभरात सावरतो. खोकं बाहेर नेऊन उघडा, तो जातो. रक्त, मोडलेला पंख असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जमिनीवर बसलेलं, पिसं फुटलेलं, शेपूट आखूड असलेलं पिल्लू मात्र बहुतेक वेळा जखमी नसतं. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात, आईबाप जवळपास असतात आणि भरवतात. मांजराच्या वाटेत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हे खरं नाही.

ओळखायला शिकताना

रंगापासून सुरुवात करू नका. रंग उन्हात एक दिसतो, सावलीत दुसरा. आधी आकार, चिमणीएवढा की साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच: जाड आणि आखूड असेल तर दाणे खाणारा, बारीक असेल तर किडे, लांब बाकदार असेल तर मध. मग शेपटी आणि सवय. शेपटी सतत खालीवर हलवत गच्चीच्या कट्ट्यावर चालतो तो धोबी. शेपटीचा पंखा उघडत फांदीवर गिरक्या घेतो तो नाचण. शेपूट उभी ठेवून, अंगाच्या मानानं फारच मोठा आवाज काढतो तो शिंपी.

नवख्यांचा हमखास गोंधळ होतो तो नर-मादीत. काळा, लाल डोळ्यांचा कोकीळ नर. पानाआड बसलेली तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची ती मादी, आणि कुहू कुहू ओरडतो तो नर. जांभळा शिंजीर नर उन्हात निळा-जांभळा चमकतो, मादी मात्र वरून मातकट आणि खालून फिकट पिवळी, आणि विणीचा हंगाम संपला की नरही तसाच दिसायला लागतो, फक्त छातीवर मधोमध एक काळी रेघ उरते. बुलबुलही आपल्याकडं दोन: लालबुड्याचं डोकं काळं, शिपायाचा तुरा टोकदार उभा आणि गालावर लाल ठिपका.

दुर्बीण लगेच घ्यायलाच हवी असं नाही. घेणार असाल तर ८×४२ मापाची. १०, १२ पट मोठं दाखवणारी हातात थरथरते आणि अंगणातल्या अंतराला उपयोगी पडत नाही. मोबाईलवर ‘मर्लिन’ नावाचं मोफत ॲप आवाजावरून नाव सुचवतं. त्याची सूचना ऐका आणि मग डोळ्यांनी खात्री करा. शिंप्याच्या जोरदार टुविट-टुविटमध्ये मागचा बारीक आवाज त्यालाही ऐकू येत नाही. एक विनंती: मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. विणीच्या काळात नर प्रतिस्पर्धी आला समजून घरटं सोडून धावतो.

वही करा. तारीख, वेळ, हवा, पक्षी, काय करत होता. एवढंच लिहायचं. वर्ष फिरलं की तुमच्या परड्याचं पंचांग तयार होतं. ढोबळमानानं आपल्याकडं असं दिसतं: मार्चपासून पहाटे दयाळची शीळ आणि कोकीळ, भर उन्हात तांबटाची टुक टुक. मे संपताना पावशा, मृगाच्या सुमारास चातक. पावसाळ्यात शेतांच्या कडेला सुगरणींची घरटी, त्यांचं पातं बऱ्याचदा उसाच्याच पानातून चिरलेलं. दिवाळीच्या आगेमागे थंडीचे पाहुणे: राखी धोबी, लाल छातीचा माशीमार, झुडपात टकटक करणारे वटवटे. त्या दिवसांत एखादी सकाळ कळंबा तलावाला काढा. बागेत न दिसणारे वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि बदकं तिथं भेटतात, आणि ओळखीच्या पक्ष्यांशी ताडून बघायची सवय लागते.

नोंदी मोजणीत द्यायच्या असतील तर दोन तारखा आहेत. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. आणि दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जगभरातली मोजणी होते. ‘ईबर्ड’ या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नाव नोंदवा, आपल्याच अंगणात किमान पंधरा मिनिटं बसा आणि जे दिसेल ते संख्येसकट लिहा. चिमण्या, कावळे, पारवे साधे म्हणून गाळू नका. गल्लीत चिमण्या वाढल्या की घटल्या हे त्याच आकड्यांवरून कळतं.